नुसती हवा

शनिवारी साडेसातला ऑफिसचं शटर अर्धं ओढून
मी वही काढते,
इतवारीतून आणलेली, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची.
जमेच्या बाजूला लिहायचं, आठवडाभर मी लोकांना काय सांगितलं.
नावेच्या बाजूला, त्यांनी काय ऐकलं.
अकरा वर्षांत बेरीज एकदाही जुळलेली नाही.

एप्रिल, पहिला आठवडा.
निखारे कूलर्स, हिंगणा रोड.
आडनावावरच जाहिरात करू म्हटलं, तर चिडले.
मग सात ओळी वाचून दाखवल्या.
हिमालय होता, झरा होता, एकीत चक्क चांदणं.
गुलाबरावांनी सातही ऐकल्या, बशीतला चहा संपवला.
"मॅडम, रात्री लाईन गेली का लेकरू उठते.
त्याची माय पुठ्ठ्यानं वारा घालत बसते.
आपला कूलर इन्व्हर्टरवर चालते.
तिले काय सांगता, ते सांगा."

दुसरा आठवडा.
व्हरायटी चौकात वीस फुटी फलक: 'घरभर थड'.
एवढ्या मोठ्या अक्षरांतला अनुस्वार
जेवणाच्या ताटाएवढा असतो.
तोच राहिला.
फोनवर मी म्हणाले, "पोरानं केलं, नवीन आहे."
पोरगा, रोशन मेश्राम,
पलीकडच्या टेबलावर स्टिकर पेपरमधून
ताटाएवढा गोल कापत होता.
कात्री थांबली नाही.
प्रूफवर सही माझी होती.

'पुढे उभं राहणाऱ्यानं ऊन आधी खायचं.'
ही ओळ मी एका बँकेला विकली होती,
रामटेकला, अधिकाऱ्यांच्या शिबिरात.
पैसे वेळेवर आले होते.

तिसऱ्या आठवड्याचं पान कोरं.
पारा सेहेचाळीसवर, डांबर चपलेला धरून ठेवतं.
रोशन वेळेवर येतो, वेळेवर जातो,
"हो मॅडम" म्हणतो.
आधी "हाव मॅडम" म्हणायचा.

मे.
महालात, बडकस चौकाच्या थोडं पुढं,
देविदास नंदनवार दाताच्या दवाखान्याची भिंत रंगवत होते.
एक अक्षर झालं की शिडी उतरायची,
ब्रश कानावर, स्कूटरी चुकवत रस्ता ओलांडायचा,
पानठेल्यापाशी उभं राहून डोळे बारीक करायचे.
पुन्हा रस्ता, पुन्हा शिडी.
'दा'साठी एक फेरी, 'त'साठी एक.
मी म्हटलं, काका, सगळं झाल्यावर एकदाच बघा ना,
या उन्हात कशाला?
"वरून मले सारंच बरोबर दिसते," म्हणाले.
"वाचणारा तिकडं उभा हाये."
आणि पुन्हा चढले. 'वा' जरा तिरका झाला होता.

दहा शब्दांत अनोळखी माणूस दुकानात आणते मी.
त्या शनिवारी दुपारी एका ओळखीच्या माणसासाठी कागद घेऊन बसले.
'त्या दिवशी फोनवर जे' खोडलं.
'एक टीम म्हणून' खोडलं, कान तापले.
'रोशन,' एवढंच उरलं,
स्वल्पविरामासकट.

मग उठले.
ऑफिसच्या कूलरमध्ये पाणी भरायचं काम त्याचं.
चार बादल्या मी आणल्या,
दुसरी अर्धी जिन्यात सांडली, माझ्या सलवारवर.
टाकी भरली, पंखा लावला, जागेवर येऊन बसले.
त्यानं मान वर केली नाही.
कॅलेंडर फडफडत होतं, घाम तसाच.
बऱ्याच वेळानं कीबोर्ड थांबला.
"मॅडम, पंप बंद हाये.
नुसती हवा येऊन राहिली."

हाये.

बटण दाबलं.
आत कुठंतरी पाणी चढायला लागलं,
खसाच्या ताट्या वरून खाली काळ्या पडत गेल्या.
साडेसातला वहीत तारीख घातली.
जमा: चार बादल्या, त्यातली अर्धी जिन्यात.
नावे: विचारायचं आहे.